बाबा, चॅनेल बदला

माझ्या वहिनीच्या डोक्यावर सगळ्या शहराच्या संध्याकाळचा भार आहे, असं आमचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई वीज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असेल. प्रत्यक्षात ती केबल कंपनीच्या मागच्या एका खोलीत बसते. रिमोटचं बटण दाबल्यावर पडद्यावर यादी येते ना, कुठल्या चॅनेलवर किती वाजता काय आहे त्याची, ती वहिनी भरते. कुणी विचारलंच तर एवढंच म्हणते, "गाईड बघते मी."

काम वाटतं तितकं सोपं नाही. चॅनेलवाले आठवड्याचं वेळापत्रक पाठवतात आणि मग स्वतःच ते धाब्यावर बसवतात. मॅच लांबते, कुणाचं तरी भाषण आवरत नाही, एका सिनेमाच्या जागी भलताच सिनेमा लागतो. वहिनी फोनवर फोन करून त्यांना भंडावून सोडते. "मॅडम, दहा मिनिटांनी काय बिघडतं?" असं एकजण म्हणाला. "भात दहा मिनिटं जास्त ठेवा गॅसवर, मग वासावरून कळेल," वहिनी म्हणाली.

आणखी एक तिचा हट्ट. चॅनेलवाले कार्यक्रमाच्या माहितीत 'धमाल', 'भन्नाट', 'अविस्मरणीय' असली विशेषणं पेरून पाठवतात. ही बसून एकेक उपटते. "गाईडनं वेळ सांगावी. कौतुक बघणाऱ्याला करू दे."

बाबांचा या गाईडवर आंधळा विश्वास. मी त्यांची पोटची मुलगी, पण "बातम्या आठला आहेत" असं मी सांगितलं तरी ते गाईड उघडून खात्री करून घेतात. मला राग येतो, पण सांगायचं कुणाला? कार्यक्रम सुरू झाला की माहितीचं बटण दाबायचं आणि खाली येणारी पट्टी खड्या आवाजात वाचायची, हा त्यांचा नेम. "बघ, दोन ओळींत सगळं सांगितलं पोरीनं." मग कार्यक्रम बघितला काय, न बघितला काय.

गोम एकच होती. आमच्या टीव्हीचा बॉक्स अधूनमधून बंद करून चालू करावा लागतो, तरच त्यातली पुढची यादी ताजी होते. चालू कार्यक्रमाची पट्टी तेवढी आपोआप बदलते. वहिनी हे सगळ्या शहराला सांगून चुकली होती. बाबा मात्र बॉक्सला हात लावू देत नसत. एकदा तो चालू व्हायला इतका वेळ लागला की रहस्यकथेतला खुनी कोण ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

तरुणपणी बाबा कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या एका स्पर्धेचं चित्रण टीव्हीवर दाखवलं होतं, पण तेव्हा आमच्याकडे टीव्हीच नव्हता. स्वतःला वाजवताना त्यांनी कधी पाहिलं नाही. आता इतक्या वर्षांनी एका चॅनेलला ते चित्रण सापडलं आणि ते एकदाच दाखवणार होते. गाईडमध्ये रविवारी संध्याकाळी सहा ही वेळ पडली. बाबांनी उरलेसुरले सोबती गोळा केले: ट्रंपेटवाले काका, ड्रमवाले काका आणि झांजा वाजवणारे एक हसरे आजोबा. तिघेही आपापली वाद्यं घेऊन दुपारीच हजर.

त्या दिवशी मोठी मॅच होती. सगळं शहर तीच बघत होतं, आमच्याकडेही तीच लावलेली, आवाज बंद करून. कारण आवाज करायला आमची मंडळी समर्थ होती. तिकडे ऑफिसात वहिनीला कळलं की बँडचा कार्यक्रम सहाऐवजी पाचला घेतलाय. तिनं गाईड दुरुस्त केलं, सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग तिला आठवलं. आमचा बॉक्स! तिनं मला फोन लावला, बाबांना लावला, पुन्हा मला लावला. ट्रंपेट आणि झांजांपुढे फोनची काय बिशाद!

इकडे दोन गाण्यांच्या मध्ये बाबांनी सवयीनं माहितीचं बटण दाबलं आणि वाचता वाचता अडखळले. मॅचच्या माहितीच्या जागी पट्टीवर लिहिलं होतं: "बाबा, तुमचा कार्यक्रम पाचला आहे, सहाला नाही. चॅनेल बदला."

"अहो, मग बदला!" मी ओरडले.

"थांब. यादीत सहा आहे. तेही तिनंच लिहिलंय."

"बाबा, पाच वाजत आले!"

त्यांनी पट्टी पुन्हा वाचली. "गाईडमधून मला बाबा म्हणून दुसरं कोण हाक मारणार?" असं म्हणून त्यांनी चॅनेल बदललं.

ही हाक शहरातल्या घराघरांत गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. कितीतरी बाबांनी मॅच सोडून चॅनेलं धुंडाळली. "आमच्या बाबांचा कुठला कार्यक्रम?" विचारणाऱ्यांना उत्तरं देता देता ऑफिसातल्या लोकांच्या नाकी नऊ आले. साहेब वहिनीवर आधी चिडले आणि मग त्यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा फोन आला की बँड छान आहे, कळवल्याबद्दल आभार.

पडद्यावर बँड उभा राहिला. मागच्या रांगेत केसांचा कोंबडा काढलेला एक सडपातळ पोरगा डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत होता. मला रडूच फुटलं. आणि नेमकं तेव्हाच बाबांनी माहितीचं बटण दाबलं! पट्टी आली आणि पुढच्या रांगेतले ट्रंपेटवाले काका नाकापर्यंत झाकले गेले.

"अरे, माझं तोंड!" ते किंचाळले.

बाबा वाचत होते. "कारखान्याच्या बँडचं जुनं वादन. क्लॅरिनेट अप्रतिम."

शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचला. पट्टी काही त्यांनी काढली नाही. काकांना उरलेलं वादन स्वतःच्या कपाळावर समाधान मानून बघावं लागलं.

रात्री वहिनी दारात आली तर बाबा वाटच बघत होते. "सूनबाई, आपल्या यादीत चूक होती."

"हो बाबा."

"आणि पट्टीत?"

"पट्टीत नाही," चपला काढत ती म्हणाली. "आधी क्लॅरिनेट ऐकलं, मगच लिहिलं."

बाबा उठले आणि स्वतःच्या हातानं बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला.