भुयाराच्या दारावरचा आकडा

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. जवळ सहा हजार चारशे वीस सुवर्णमुद्रा. हजर तिघं: संगणकासमोर माझी मुलगी, तिच्या बाजूला वही घेऊन मी, आणि मागे खाटेवर पंख्याखाली आडवे झालेले आमचे घरवाले. मुद्रा खेळातल्या होत्या. बाकी सगळं आर्णीतल्या आमच्या घरातलं.

मुलगी मंगळवारी सकाळच्या बसने नागपूरला जाणार होती. नर्सिंग पूर्ण झालं होतं आणि बुधवारपासून दवाखान्यात नोकरी लागत होती. संगणक सोबत नेता येत नव्हता, आणि दिवाळीशिवाय सुटी नाही असं दवाखान्याने आधीच सांगितलं होतं. सोमवार बांधाबांधीत जाणार, म्हणजे खेळातल्या भुयारात उतरायचं तर त्याच दिवशी.

हा खेळ तिने दोन वर्षांपूर्वी सुरू केला. कावीळ झाली म्हणून वसतिगृहातून घरी पाठवली होती. खाटेवर पडून पडून कंटाळली, तेव्हा तिने एक भालेवाली बाई तयार केली आणि सुरुवातीलाच 'एकच जीव' हा पर्याय निवडला. त्याचा अर्थ असा की भालेवाली मेली तर खेळ तिची सगळी नोंद पुसून टाकतो. मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येत नाही. त्या रविवारी तिच्या नावावर तीनशे बारा तास होते. हा आकडा माझा नाही, खेळ स्वतःच कोपऱ्यात दाखवतो.

मी यात कशी आले तेही सांगते. काविळीत तिला एकटीला बसू द्यायचं नव्हतं, म्हणून शेजारी बसायचे. पाहता पाहता लक्षात आलं की ती औषधाच्या बाटल्या मोजत नाही. मग मी वही केली. कोणत्या राक्षसाचा वार किती, बाटलीने जीव किती भरतो, दुकानात भाव काय. पुढे तिने माझ्यासाठी एक ढालवाली बाई घेतली. तिसरी वैदीण. आळीपाळीने वार करायचा खेळ असल्यामुळे विचाराला वेळ मिळतो. कळा ती दाबायची, ढालवालीने काय करायचं ते मी सांगायचे.

उत्तरेच्या डोंगरातलं ते भुयार आम्हाला डिसेंबरात सापडलं. दारावर दगडात आकडा कोरलेला होता, बावीस. आतल्यांची ताकद किती ते त्यावरून कळतं. आपली ताकद जिंकत गेलं की पायरीपायरीने वाढते, आणि आम्ही तेव्हा अठराव्या पायरीवर होतो. चारचं अंतर. मुलगी म्हणाली, "आई, जाऊन पाहू ना. चार काई लय नाई." मी नाही म्हटलं. वहीत लिहिलं, "दार बावीस. आपण चोवीस झाल्यावर जाणे." जानेवारीत तिने पुन्हा विचारलं, मार्चमध्ये पुन्हा. मी वही दाखवायचे. ती वसतिगृहातून घरी यायची तेव्हा, रविवार रविवार करत छोट्या गुहांमधून आम्ही चोवीसपर्यंत पोचलो. दार फार लांब असल्याने मधल्या काळात तिकडे फिरकलो नाही.

त्या दिवशी दुकानात मी पस्तीस बाटल्या घ्यायला लावल्या. एकशे साठच्या भावाने पाच हजार सहाशे झाले, उरले आठशे वीस.

"येवढ्या बाटल्या? दवाखाना टाकतं का आतमंदी?" घरवाले मागून म्हणाले.

"बाबा, तुमी झोपा बरं."

"झोपतोच. तीनशे तासात विहीर खोदून झाली असती, येवढंच सांगतो."

एक पस्तीसला दारासमोर पोचलो. मुलगी म्हणाली, "आई, आकडा पाह्य."

दगडावर तीस होतं.

मी वही उघडली. डिसेंबरातली नोंद माझ्याच अक्षरात होती, बावीस. वाचण्यात चूक नव्हती. चूक दुसरीकडे होती, आणि ती कळायला मला दोन मिनिटं लागली. आपण वाढतो तसं दारही वाढतं. आम्ही सहा पायऱ्या चढलो, तेवढ्यात दार आठ चढलं. चारचं अंतर सहाचं झालं होतं, आणि ते मी करून घेतलं होतं.

आमच्याकडे कापूस घरात भरून ठेवायची रीत आहे. वेचणी झाली की लगेच विकायचा नाही, मागच्या खोलीत छतापर्यंत रचायचा आणि भावाची वाट पाहायची. घरभर खाज सुटते, पण थांबतात सगळे. मीही थांबते. फक्त मी एक पोतं बाजूला काढून ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी त्याचं वजन करते. वाळून वीस किलोचे साडेएकोणीस झाले की समजायचं, भाव तेवढा वाढला नसेल तर थांबणं अंगावर येत आहे. आमच्या गल्लीत लोक यावरून मला हसतात. अशी दर पंधरवड्याला पोतं काट्यावर चढवणारी मी, त्या दारावरचा आकडा पाच महिन्यांत एकदाच वाचला. वाढत जातं ते आपलं, समोरचं जिथल्या तिथे राहतं, असं धरून चालले.

"चूक माही झाली," मी म्हटलं. "तू जानेवारीत म्हणत होती तेव्हाच जायले पायजे होतं."

"आता काय करायचं?"

"आणखी वाढून फायदा नाई. जितकं वाढू तितकं मागं पडू. जायचं असंल तर आताच बरं. पण भालेवाली तुही आहे. तू ठरव."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि दार उघडलं.

पहिल्या मजल्यावरच वही निकामी झाली. चाळीसचा धरलेला वार साठच्या खाली येत नव्हता. एक बाटली साठ भरते, म्हणजे दर वाराला एक बाटली. मी ढालवालीला पुढे ठेवलं, भालेवालीला तिच्या मागे, आणि वैदिणीला हलूच दिलं नाही. पहिला मजला उतरलो तेव्हा बारा बाटल्या संपल्या होत्या. मुलीच्या वरच्या ओठावर घाम होता. कूलर तर चालू होता.

दोन वीसला दुसऱ्या मजल्यावर, एका सापासारख्या धुडाशी लढताना लाइट गेली. कूलर थांबला. इन्व्हर्टर टुक्‌ करून सुरू झाला, संगणक आणि पंखा चालू राहिले. मुलगी माझ्याकडे पाहू लागली.

"बंद करून ठेव ना मंग," घरवाले म्हणाले, "लाइट आल्यावर खेळजो."

"नाई जमत बाबा. भुयारात असताना बंद पडलं तर आतमंदीच मेलो असं धरते."

"हा कोणता कायदा व्हय?"

"खेळाचा."

मागच्या महिन्यात मी बॅटरी मोजली होती. नुसता संगणक पस्तीस मिनिटं, पंख्यासकट बावीस. बॅटरी जुनी, म्हणून पस्तीसमधून पाच मी वजा धरले. म्हणजे दोन पन्नासपर्यंत.

"अवो, पंखा बंद करा."

"काहून? म्या मरू का गर्मीनं?"

"तिची बाई मरंल."

"आन्‌ मी काय, फुकटचा आहो?" असं म्हणत ते उठले आणि पंखा बंद केला. मग ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन आमच्यामागे येऊन उभे राहिले. आल्या पायी वर परत जायला पंचवीस मिनिटं लागली असती, आणि मारलेले सगळे पुन्हा उठून वाटेत उभे राहतात. म्हणून खाली जाण्यावाचून गत नव्हती. मुलगी भराभर कळा दाबत होती. विचाराला जो वेळ एरवी मिळायचा तो आता नव्हता. मी "ढाल", "बाटली", "मागं घे" एवढंच म्हणत होते. एकदा भालेवालीचा जीव सातवर आला. मुलीचा हात कळेवरच थांबला.

"बाटली दे!" ओरडले ते घरवाले.

दोन एकेचाळीसला आम्ही तिसऱ्या मजल्यावर काळ्या पाण्याच्या काठी पोचलो. आठ बाटल्या उरल्या होत्या आणि माझ्या हिशेबाने नऊ मिनिटं. पलीकडे मोठं दार होतं, त्यात भुयाराचा राखणदार. अलीकडे काठाला एक नाव आणि तीत म्हातारा नावाडी. त्याच्याशी बोलल्यावर कळलं की तो भाडं घेऊन थेट डोंगराबाहेर सोडतो, पण मग भुयारात मिळालेलं सगळं इथेच टाकून जायचं.

मुलगी मोठ्या दाराकडे पाहत होती. "आई, येवढं आलो. आठ बाटल्या आहेत."

"एक फेरी किती वेळाची?"

"मिनिटभर. घाई केली तर थोडी कमी."

"आन्‌ राखणदाराचा जीव?"

तिने पाहिला. आमच्या तिघींचे वार नेमके बसले तरी चौदा फेऱ्या लागणार होत्या. मी आकडा सांगितला. पाच महिने मीच तिला थांबवलं होतं, आणि आता पुन्हा मीच थांब म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना.

"मंग केव्हा जायचं?" ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत अंतर आणखी वाढंल. तूच तर सांगतलं."

"नाई वाढणार," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ते मला नीट कळलं. "आपण वाढलो तरच ते वाढते. तू नागपूरले असशीन, मी हात लावणार नाई. दिवाळीत बी चोवीस आन्‌ तीसच राहीन. हा काई कापूस नोहे, ठेवला म्हणून घटणार नाई. फक्त मधातल्या गुहा खेळायच्या नाईत. बाटल्या घ्यायच्या, चांगला भाला घ्यायचा आन्‌ सरळ इथं यायचं."

"पक्कं?"

"पक्कं. पण आता चाललो तर सहा मिनिटं आहेत."

घरवाले दुपट्टा पिळत म्हणाले, "बाई, जिती राह्यली तर पुन्हा येता येते. चाल."

तिने दाराकडे एकदा पाहिलं. मग नावेकडे वळली. नावाड्याचं भाडं माणशी तीनशे, दारावरच्या आकड्याच्या दहापट. तिघींचे नऊशे. आमच्याजवळ आठशे वीस. ऐंशी कमी. डिसेंबरात आलो असतो तर बावीसच्या हिशेबाने सहाशे साठ पडले असते. बाटल्या देऊन पाहिल्या, तो घेईना. भाल्यावर बोट ठेवलं तेव्हा मात्र त्याने मान हलवली.

"भाला नको देऊ," मी म्हटलं. "माही ढाल दे."

"आई, तुही ढाल? दीड वर्षापासून आहे ती."

"दुकानात अकराशेची मिळते. दे."

इन्व्हर्टर टीं टीं वाजू लागला होता. तिने ढाल दिली. नाव काठापासून सुटली आणि पडदा काळा झाला. मग डोंगर दिसला, उजेड, आणि खाली नोंद जतन झाल्याची ओळ. तिने स्वतःच्या हाताने खेळ बंद केला, संगणक बंद केला आणि मागे रेलून डोळे मिटले. दोन अठ्ठेचाळीस झाले होते. घरवाल्यांनी पंखा लावला, तो अर्धं मिनिट फिरून बंद पडला.

तिने डोळे न उघडता विचारलं, "वहीत काय लिहिशीन?"

मी तिच्यासमोरच लिहिलं. भालेवाली, ढालवाली, वैदीण तिघी जिवंत. पायरी चोवीस, दार तीस. बाटल्या शिल्लक आठ. भुयारातून बाहेर पडण्याचं भाडं नऊशे, पैकी रोख आठशे वीस आणि उरलेल्या ऐंशीपोटी ढाल एक, दुकानभाव अकराशे. दिले नावाड्याला. वरचे एक हजार वीस त्याने परत केले नाहीत.