गिळलेला खोकला

"तिले घेऊन बाहेर बस. लोकांची पोरं हायेत इथं."

अकोल्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर बोलला. माही पोरगी पाच वर्साची. तिले खोकल्याची उबळ आली होती. मी उठली. बाहेर चपला पडल्या होत्या, तिथं बसली. लोकांची पोरं. माही मंग कोणाची होती?

आत एक पोरगा खोकलूनच राहिला होता. त्याच्या आईच्या हातात गाडीची चाबी होती. त्याले कोणी उठवलं नाई.

आमी अकोटकडचे. वावरात झेंडू, वांगी लावतो. माह्या नखात माती होती. मी हात पदराखाली घेतले.

नंबर आला. डॉक्टरनं दारातच थांबवलं.

"साहेब, महिना उलटला. छातीत घरघर करते."

"ॲलर्जी आहे. घरं स्वच्छ ठेवत नाही तुम्ही लोक."

मागच्या खेपेचंच गोड औषध पुन्हा दिलं. छातीले नळी लावून ऐकलं नाई. मी म्हटलं, "हो साहेब." आजही ते 'हो साहेब' आठवलं की तोंड लपवावंसं वाटते.

स्टँडवर अकोटची एसटी लागली होती. बसलो. पोरीनं माहा पदर तोंडात कोंबला होता. तोंड लालभडक, डोळ्यातून पाणी.

"काय करून राहिली वं?"

"खोकला गिळून राहिली. मंग आपल्याले आत बसू देतीन."

मी तिचा हात धरून खाली उतरली. दवाखान्यात परत गेली, सरळ डॉक्टरच्या दारात.

"साहेब, पाठ ऐका तिची. तुमी नळी लावलीच नाई."

"मला शिकवतेस? जा, सरकारीत जा."

"जातो. पण तुमी पोरीले हात लावला नाई, हे सगळ्यांसमोर सांगून जातो."

चाबीवाली मोबाइलात पाहत बसली. शरम तेव्हाही गेली नाई. शरमेसकटच बोलली मी.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचंच सरकारी हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईनं पोरीले टेबलावर बसवलं.

"बेटा, खोकून दाखव."

पोरगी खोकलेच ना. माह्याकडं पाहे.

"खोक, माय," मी म्हटलं.

ती खोकलली. बाईनं पाठीले नळी लावून लय वेळ ऐकलं. "हा ओला खोकला आहे. महिनाभर चाललेला ओला खोकला ॲलर्जी म्हणून सोडायचा नसतो. फुप्फुसं खराब होतात."

छातीचा फोटो काढला. टीबी तपासला, नव्हता. श्वासनळ्यांत जंतू बसले होते. दोन आठवड्यांचं औषध दिलं. खोकला कमी झाला तरी औषध अर्ध्यावर सोडू नका, संपलं की दाखवायला आणा, म्हणाल्या.

खोकला गेला. पण पोरगी अजूनही शिंक आली तरी आधी आजूबाजूले पाहते. ते औषधानं गेलं नाई. ते मी त्या डॉक्टरले माफ करणार नाई.

तिले सांगून ठेवलं हाये. आला तर खोकलायचं. तोंडावर रुमाल धर, पण गिळू नको. ज्याले तुया बाजूले बसणं जमत नसंन, त्यानं उठावं. आपण उठायचं नाई.