काठी पाडणारा मेजर

आमचा बँड बघायला माणसं कधीच येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आता बँडमधले सगळे उलटं सांगत फिरतात. म्हणे एके काळी मैदान फुलून जायचं. कुठलं काय! दिवाळीनंतर बँडपथकांची स्पर्धा भरायची तेव्हा खुर्च्यांवर बँडवाल्यांचेच नातेवाईक असायचे, आणि आपल्या माणसाचं वाजवून झालं की तेही उठून भज्यांच्या गाड्याकडे जायचे. आमची पाळी यायची तेव्हा समोर परीक्षक, सोफ्यावर पेंगणारे प्रमुख पाहुणे आणि आमच्यानंतर वाजवणाऱ्या बँडच्या बायका. त्यांचं लक्ष आम्ही कुठं चुकतो याच्याकडे.

सोलापुरात लेझीम आहे, तिला मरण नाही. मंडळांना डीजे आहे. खिडक्यांच्या काचा थरथरल्या की वर्गणी वसूल झाल्यासारखं वाटतं. ट्रम्पेट, क्लॅरिओनेट आणि साइड ड्रम घेऊन ओळीत चालणाऱ्या माणसांचं कुणाला काय पडलंय? ते पडलं होतं माझ्या मामाला.

मामा बँडचा मेजर. म्हणजे तुऱ्याची उंच टोपी घालून सगळ्यांच्या पुढे चालणारा, पितळी मुठीची काठी हवेत फेकून झेलणारा आणि त्याच काठीच्या इशाऱ्यानं बँड वळवणारा, थांबवणारा माणूस. एरवी तो अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायचा. मशीनवर वाकलेला मामा बघितला तर कुणी त्याला दुसऱ्यांदा बघणार नाही. टोपी चढवली की मात्र मान अशी ताठ व्हायची की मामी म्हणायची, आता याला जेवायलाही खाली बघवणार नाही.

त्याचं घर संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारं. तरणा असताना त्यानंही कमरेला पट्टा बांधून तो उंच ध्वज पेलला होता. पुढे कंबर गेली, ध्वज सुटला, पण ध्वज पडू द्यायचा नाही ही अंगात भिनलेली गोष्ट गेली नाही. ती त्यानं बँडच्या काठीला लावली. काठी जमिनीला लागता कामा नये. चहा प्यायचा असला तरी तो काठी भिंतीला टेकवायचा नाही, कुणाच्या तरी हातात द्यायचा. घरी देवाच्या खोलीच्या दारावर दोन खुंट्या होत्या, तिथं ती आडवी असायची. खांडेनवमीला तिच्यावर विभूतीची बोटं ओढायचा, बेल वाहायचा. बँडवाले पाठीमागे हसायचे. मीही हसायचे. बाजारात मिळणारी लोखंडी नळी ती, वर पितळेचा गोळा. पण ती कधी पडली नव्हती, हे खरं. आणि आमचा नंबरही कधी दुसऱ्याच्या खाली गेला नव्हता. वर मात्र कधीच गेला नाही.

मला बँडमध्ये त्यानंच घेतलं. बाई साइड ड्रम वाजवणार म्हटल्यावर बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली होती. मामानं कुणाशी वाद घातला नाही. ड्रमचा पट्टा माझ्या खांद्याला अडकवला आणि बँड चालू केला. पुढे माझ्यामागे आणखी मुली आल्या, आमची एक वेगळी ओळ झाली. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला. दिवसभर टॉवेलच्या घड्या मोजून डोकं बधिर झालं की संध्याकाळी ड्रमवर काठ्या पडायच्या, तेवढाच वेळ मी माणसात असायचे.

आमचे कपडे कारखान्याचे मालक द्यायचे. पाठीवर कारखान्याचं नाव. हौस नव्हती, जाहिरात होती, आणि ती कुणी बघत नाही हे त्यांना कळत होतं. दर वर्षी कापड हलकं होत गेलं. शेवटी त्यांनी नवे हातमोजे दिले, पांढरे, चकचकीत, नायलॉनचे. मामा म्हणाला, जुने सुती बरे होते. मालकांनी मनावर घेतलं नाही.

त्या मोज्यांनी घात केला. स्पर्धेत मामानं काठी फेकली, ती खाली आली, मोज्यातून सटकली आणि त्याच्या टोपीवर आदळली. टोपी उडाली. खालचं टक्कल आणि कडेनं कलप लावलेली केसांची झालर सगळ्या मैदानाला दिसली. काठी घरंगळत गेली ती थेट प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्याखाली. मामा गुडघ्यांवर बसला आणि सोफ्याखाली शिरला. पाहुणे जागे झाले, पाय वर घेऊन बसले.

आणि बँड? बँडला शिस्त होती. काठीचा इशारा मिळेपर्यंत वळायचं नाही, थांबायचं नाही, वाजवणं सोडायचं नाही. ही शिस्त मामानंच वर्षानुवर्षं आमच्यात मुरवली होती. आम्ही सरळ चालत राहिलो. पुढची ट्रम्पेटची ओळ खुर्च्यांत घुसली. मागचे त्यांच्यावर. ढोलवाला भज्यांच्या गाड्याला जाऊन भिडला आणि तिथंही ठेका चुकवला नाही त्यानं. मी एका म्हातारीच्या मांडीवर ड्रम टेकवून वाजवत होते. तिकडे मामाचं फक्त बूड सोफ्याबाहेर.

कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं. दोन दिवसांत सगळ्या गावानं बघितलं. पोरं गल्लीत छत्र्या फेकून पाडायला लागली. भाजीवाली मामीला विचारायची, घावली का काठी? मामा कामावर जायचा, कडा शिवायचा, घरी यायचा. काठी त्यानं दुधानं धुतली म्हणे. मी बघितलं नाही, मामीनं सांगितलं.

पुढच्या स्पर्धेचे दिवस जवळ आले तसं मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. पॅकिंगच्या बाईला खुर्ची मिळाली म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी ओळखलं. मालक खुशीत होते. त्या क्लिपमध्ये म्हणे आमच्या पाठीवरचं कारखान्याचं नाव अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं, हाच का तो कारखाना? नवी वाद्यं देतो, सरावाला कायमची शेड देतो, कपडे, प्रवास, सगळं पुढची काही वर्षं कारखान्याकडं. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "फक्त गेल्या वर्षीसारखं करायचं, ताई. मामांना सांगा, काठी पडली पाहिजे."

मी म्हटलं, पडली नाही तर? ते म्हणाले, मग डीजेवाले आहेतच की.

हे मी एकट्या मामाला सांगायला हवं होतं असं मामी अजून म्हणते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. बँड सगळ्यांचा होता. बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आमचा सराव चालायचा, तिथं सगळे गोल बसले होते, आणि माझं बोलणं संपायच्या आत त्यांचं ठरलंही होतं. वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागे चाललेले लोक, एकालाही अडखळायला झालं नाही. क्लॅरिओनेटवाला म्हणाला, एकदाच तर पाडायची. ढोलवाला म्हणाला, भज्यांचा गाडा या वेळी जरा जवळ लावायला सांगू. सगळे हसले. मामा काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता.

"आन् नंबर?" त्यानं विचारलं. काठी पडली की परीक्षक गुण कापणार, हे त्याला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

ट्रम्पेटवाला त्याचा सगळ्यांत जुना दोस्त. तो म्हणाला, "नंबरानं ड्रेस येत न्हाय, मेजर."

मामा उठून गेला. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो माझ्या सायकलीशेजारी उभा होता. माझ्याबरोबर चालायला लागला. मग म्हणाला, तुला काय वाटतं? मला त्याचा राग आला. सगळ्यांनी त्याला ढकललं होतं, आणि आता त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं की असू दे मामा, बँड गेला तरी चालेल, तुझा मान राहू दे. माझ्या तोंडून ते ऐकलं असतं तर त्यानं नकार दिला असता, आणि बँड मी बुडवला असता.

"मला ड्रम वाजवायचाय मामा," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "मग वाजीव की," म्हणाला. राग आला होता, पण मी म्हटलं ते रागात नव्हतं, आणि आजही विचारलं तर तेच सांगेन.

काठी पाडायचं ठरलं, पण ती पडेना. सराव सुरू झाला आणि आमच्या लक्षात आलं की मामाला पाडता येत नाही. फेकायचा, हात मागे घेईन म्हणायचा, आणि काठी खाली आली की हात आपोआप वर जायचा. डोळे मिटून बघितलं, तरी झेलली. मान वळवून बघितलं, तरी झेलली. शेडमध्ये अख्खा बँड ओरडत होता, सोडा मेजर, सोडा! आणि तो दर वेळी काठी हातात घेऊन आमच्याकडे असा बघायचा की जणू त्यानंच काहीतरी फोडलंय. एवढी सुंदर झेललेली काठी मी स्पर्धेत कधी बघितली नाही. कुणी टाळी वाजवली नाही. शेवटी ट्रम्पेटवाल्यानं उपाय काढला. उजव्या हाताची बोटं चिकटपट्टीनं बांधायची आणि वरून मोजा चढवायचा. मामानं हात पुढे केला. बांधताना ट्रम्पेटवाला चेष्टा करत होता, मामा त्याच्या बोटांकडे बघत होता.

स्पर्धेला मैदान भरलं. खरोखर भरलं. भिंतीवर पोरं, झाडावर पोरं, मोबाईल वर धरलेले. आमच्या आधीच्या बँडनं मनापासून वाजवलं, सरळ रेषेत चालले बिचारे, लोक त्यांना ओरडून सांगत होते, आवरा की लवकर. मालकांनी सोफा मुद्दाम मधे आणून ठेवला होता, त्याला पाठीमागून कारखान्याचा फलक. मामानं काठी फेकली. बांधलेला हात वर गेला, काठी त्याच्यावर आपटून खाली पडली, आणि जो हशा उठला तो मी अजून विसरलेले नाही. मामा सोफ्याखाली शिरला. आम्ही खुर्च्यांत घुसलो. लोक रडेपर्यंत हसले. शेजारच्या मुलीला मी ओळीतच चिमटा काढला, कारण तीही हसत होती.

परीक्षकांनी आम्हाला शेवटचा नंबर दिला. मालकांनी शब्द पाळला. नव्या वाद्यांची खोकी आली, शेड मिळाली, माझ्या ओळीतल्या प्रत्येक मुलीला स्वतःचा ड्रम मिळाला. बँड जगला. लग्नांची बोलावणी इतकी यायला लागली की नाही म्हणायची पाळी आली. फोनवर विचारायचे, ते काठी पाडणारे मेजर स्वतः येणार ना? सुरुवातीला मामा बोटं बांधून घ्यायचा. नंतर त्याला जमायला लागलं. चिकटपट्टी सुटली. टोपी कुठल्या बाजूला उडवायची, किती वेळ चाचपडायचं, कधी बूड हलवायचं, हे तो ठरवायला लागला. मामी एका लग्नात बघायला आली आणि जेवण न करता घरी गेली.

बाकीच्या बँडनीही धडा घेतला. एका मेजरची टोपी उडते, एकाची पँट सुटते, एक जण ढोलात पडतो. स्पर्धेला आता तुडुंब गर्दी असते, स्पॉन्सर रांगेत असतात, पेपरात फोटो येतो की बँडकला पुन्हा बहरली. सरळ चालून सरळ वाजवणारं एकच पथक उरलं होतं, केम गावाच्या बाजूचं. त्यांना दोन वर्षं कुणी बघितलं नाही. त्यांनी वाद्यं विकली, आमच्याच ट्रम्पेटवाल्यानं स्वस्तात घेतली.

परवा वेळापूरला एका लग्नात वाजवायला गेलो होतो. वरात मांडवापाशी आली, पाहुण्यांनी मोबाईल काढले, मामानं काठी फेकली. ऊन तिरपं होतं. काठी उंच गेली, गरकन फिरली, खाली आली आणि त्यानं ती झेलली. तशीच, मान न वळवता, पहिल्यासारखी. पुढचं पाऊलही चुकलं नाही. काठीचा इशारा झाला, आम्ही सगळे वळलो, एकाच अंगासारखे वळलो, आणि ट्रम्पेटची ओळ सुतासारखी सरळ आली.

कुणी हसलं नाही. मोबाईल खाली आले. नवरीचा बाप पुढे आला, चिडला नव्हता, पण त्याचा हिरमोड झाला होता. म्हणाला, पाहुण्यांना मी सांगून ठेवलं होतं हो, हे काय?

मामानं टोपी काढून हातात घेतली. "चुकलं मालक," तो म्हणाला. "हात गेला. पुन्हा नाय व्हायचं."

मग त्यानं आम्हाला मांडवापासून मागं नेलं, पाहुण्यांना मोबाईल काढायला वेळ दिला आणि काठी पुन्हा फेकली. या वेळी ती पडली. लोक पोट धरून हसले. मामा टेबलाखाली शिरला, आणि मी ड्रम वाजवत सरळ चालत खुर्च्यांत घुसले.