आयने उगवलेला सूड

माझी सासू कुणाच्याही घरी गेली की आधी त्या घरातल्या तान्ह्या मुलाच्या टाळूवर अंगठा ठेवायची. घरची बाई 'बसा' म्हणायच्या आत, पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत. टाळू सपाट लागली की मग ओटीवर टेकायची आणि म्हणायची, "बरा हाय. पाज त्याला." टाळू खोल गेलेली लागली, म्हणजे मुलाच्या अंगातलं पाणी आटलेलं, तर तिचा आवाज बदलायचा. "चूल पेटव," एवढंच बोलायची, आणि ती बाई तांदळाच्या मडक्याकडे धावायची.

तिचं नाव चांगुणा. घरात आणि गावात सगळे तिला आय म्हणत, म्हणून मीही. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे हे आमचं कोळ्यांचं गाव. आज तिथून दिसणाऱ्या इमारतींपैकी एकही तेव्हा नव्हती. पन्नास-साठच्या दशकातली ही गोष्ट. गावापलीकडे मिठागरं, खाजणं आणि भाताची शेतं, आणि त्यांच्या बांधांवरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणारी आय. ठेंगणी, काळी, पायाला भेगा पडलेली. सकाळी बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची आणि दुपारी परत येताना वाटेतल्या गावांत बाळंतिणी बघायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिच्या आईकडून ते तिच्याकडे आलं होतं.

तिची औषधं म्हणजे आमच्या रोजच्या स्वयंपाकातल्याच वस्तू. जुलाब झालेल्या मुलाला मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज, चमचा चमचा, दिवसभर. बाळंतिणीला नाचणीची आंबील आणि बोंबलाचं कालवण. पाणी उकळलेलं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं. "इरीत काय काय परतं ता तू बगतंस का?" असं विहिरीच्या पाण्याबद्दल ती सुनांना विचारायची. भांडी राखेनं घासायची आणि उन्हात पालथी घालायची. तिला सगळं येत होतं असं मात्र नाही. करावे गावातली एक बाई बाळंतपणात अडली तेव्हा आयने तिच्या पोटावर एकदाच हात ठेवला आणि डोली करायला सांगितली. "जे मना कलत नाय, त्याला मी हात लावत नाय. पनवेलच्या सरकारी दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." ती बाई वाचली. देवीची लस टोचणारा माणूस गावात आला की सगळ्यांच्या आधी आपल्या घरातली मुलं घेऊन आयच पुढे व्हायची.

हे सगळं मला नंतर कळलं. लग्न होऊन आले तेव्हा मी पनवेलची, सातवी पास झालेली मुलगी होते. गावात लिहिता-वाचता येणारी दुसरी सून नव्हती. आयचं टाळू चाचपणं, राख, फडकी हे सगळं मला अडाणीपणाचं वाटायचं, आणि ते मी लपवतही नव्हते. आय माझ्याकडे बघायची आणि आपलं काम करत राहायची.

माझी मुलगी रत्ना पाच महिन्यांची झाली तेव्हा बेलापूरच्या बाजारात वसंतरावांनी दवाखाना थाटला होता. मुंबईत कुणा डॉक्टरकडे ते कंपाउंडर होते. इथे आल्यावर त्यांनी स्वतःच डॉक्टरची पाटी लावली. पांढरा कोट, काचेच्या बाटल्या, इंजेक्शन उकळायची चकचकीत पेटी. मी रत्नाला घेऊन गेले, ती रात्रंदिवस रडते म्हणून. त्यांनी तिच्याकडे धड न बघता सांगितलं, "बाई, तुमचं दूध पातळ आहे. शिकलेल्या दिसता, तुम्हाला समजेल. डब्याचं दूध सुरू करा." शिकलेल्या दिसता, या दोन शब्दांना मी भुलले. डबा घेऊन मी घरी आले.

आयने डबा उलटासुलटा करून बघितला. "तुजं आटलं का?"

"नाही. पण पातळ आहे म्हणाले."

"त्यानं पिऊन बगला?"

मला राग आला. मी बाटली धुतली, पावडर कालवली. पाणी उकळायचा कंटाळा केला. आयचं ऐकायचं नाही असा माझा हट्टच होता. आठवड्याभरात रत्नाला जुलाब सुरू झाले. वसंतरावांनी एक लाल औषध दिलं आणि सांगितलं, "दूध बंद, पाणी बंद. पोटाला विश्रांती द्या." आय पेजेची वाटी घेऊन माझ्यासमोर आली. मी ती वाटी तिच्या हातासकट मागे सारली. "डॉक्टरांनी नाही म्हटलंय," मी म्हणाले. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा मी खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्ना गेली.

माझे यजमान आणि गावातले चारपाच तरुण वल्ही घेऊन बेलापूरला निघाले होते. माझ्याही मनात तेच होतं. त्या माणसाची हाडं मोडलेली मला बघायची होती. आय वाटेत उभी राहिली. "त्याला माराल, तं लोक त्याला बगाला जातीन," ती म्हणाली. "मना त्याच्या दारात कोन नको. त्याच्या बाकड्यावर माशी बसलेली पायजे, मानूस नाय." ते परत फिरले. मला ती म्हणजे दगड वाटली.

बारावं झाल्यावर एक दिवस दुपारी ती मला म्हणाली, "लुगरं बदल. चल." आम्ही बांधावरून शहाबाज गावाला गेलो. एका ओटीवर आठदहा बाया जमल्या होत्या, काहींच्या मांडीवर पोरं. आयने मला मध्ये बसवलं. "ही माजी सून. शिकलेली हाय. हिचं आयका." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय केलंस ता सांग."

मी सांगितलं. डबा, पाणी, लाल औषध, मागे सारलेली वाटी, लावलेलं दार. सांगताना मला इतकं रडू आलं की बोलता येईना. आय थांबून राहिली. रडणं आवरल्यावर म्हणाली, "दाराचं परत सांग. मागच्या बायांना आयकू नाय आलं."

मग करावे, आग्रोळी, सारसोळे. आठवड्यातून एकदा तरी ती मला कुठल्यातरी अंगणात नेऊन बसवायची. मी सांगायचे आणि माझं झालं की ती पेज कशी करायची ते दाखवायची, अंगावरचं दूध कधीच तोडायचं नाही हे बजावायची. परत येताना मी तिच्या दहा पावलं मागे चालायचे. मी तिचा मनापासून द्वेष करत होते. पण वसंतरावांचा द्वेष त्याहून मोठा होता, म्हणून जात राहिले.

याच सुमारास आयने बाजारातली आपली जागा सोडली. मासळीवाल्यांच्या रांगेतून उठून ती वसंतरावांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पाटी घेऊन बसू लागली. कुणी बाई तान्हं घेऊन दवाखान्याची पायरी चढायला लागली की आय हाक मारायची, "बाय, आदी इकडं ये." बहुतेक जणी यायच्या. बाकड्यावरची गर्दी कमी होत गेली.

एक दिवस वसंतराव रस्ता ओलांडून आले. मी तेव्हा आयजवळ होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, माझ्या पोटावर का पाय देता? मी तुमचं काय वाकडं केलं?"

आय कोयत्यानं सुरमई कापत होती. तिनं वरही बघितलं नाही. "माज्या नातीचं नाव काय व्हतं?"

"कुठली नात?"

"नाव सांग. मी आत्ताच उटते. परत इकडं बसनार नाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. नाव त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. ते परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दार उघडलं की आय रस्त्यापलीकडून विचारायची, "आटवला का?" रोज, पावसातही. ती कधी ओरडली नाही, शिवी दिली नाही. वसंतरावांनी पोलीसपाटलांकडे तक्रार केली. पाटलांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मासं इकते. इचारते. इचाराला बंदी हाय का?" पाटील हसले आणि विषय तिथेच संपला.

दोन वर्षं हे चाललं. बाजारातल्या कुणाही माणसाकडून नाव जाणून घेणं त्यांना सोपं होतं. पण त्यासाठी त्यांना तोंड उघडून विचारावं लागलं असतं, 'त्या घरातलं माझ्या हातून गेलेलं मूल कोणतं?' ते त्यांनी केलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या दारात एक भिजलेली बाई आली. पदराखाली दहा महिन्यांचं मूल. मी तिला ओळखलं. वसंतरावांची बायको होती. "ह्यांना माहीत नाही मी आलेय," ती म्हणाली. "काल सकाळपासून जुलाब आहेत. ह्यांची औषधं चालू आहेत. मावशी आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. आय आत जाळं शिवत होती.

ती बाई जागची हलली नाही. तेवढ्यात आय बाहेर आली आणि तिचा अंगठा मुलाच्या टाळूवर गेला. "चूल पेटव," ती मला म्हणाली. मी उठले नाही. माझी रत्ना गेली, आणि त्या माणसाचं मूल आमच्या पेजेनं जगायचं, हे मला सहन होत नव्हतं. मी तसं बोलले, त्या बाईसमोर बोलले.

आयने माझ्याकडे बघितलं. "मना पन ह्याच वाटतं," ती म्हणाली. "तरी पेटव."

मी चूल पेटवली. दुपारभर ती त्या मुलाला मांडीवर घेऊन चमच्यानं पेज भरवत होती. मूल ओकायचं, ती थोडं थांबायची, पुन्हा भरवायची. मधूनमधून त्याच्या आईला अंगावर पाजायला लावायची. दिवे लागायच्या आधी मुलानं आयच्या लुगड्यावर शू केली. "झाला," ती म्हणाली. ती बाई पाया पडायला वाकली तेव्हा आयने पाय मागे घेतले. "घरी जाऊन सांग त्याला," ती म्हणाली, "पोरीचं नाव रत्ना व्हतं."

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला असताना वसंतराव रस्ता ओलांडून आले. अंगात कोट नव्हता.

"रत्ना," ते म्हणाले.

"मोट्यानं."

"रत्ना. दिवाळ्याची. पाच महिन्यांची होती. तिचं दूध मी तोडलं, पाणीही तोडलं." आजूबाजूच्या कोळणींचे कोयते थांबले होते. त्यांनी हात जोडले. "मावशी, मला माफ..."

"आता जा," आय म्हणाली.

"मावशी..."

"जा बोलले ना."

महिन्याभरात ते बायको-मुलाला घेऊन बेलापूर सोडून गेले. आय आपल्या जुन्या जागी, रांगेत जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल असं मला वाटलं होतं. ते दिसलं नाही, आणि मलाही ते मिळालं नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस तिची छाती बिघडली. पनवेलहून खरे डॉक्टर येऊन गेले. तिनं निमूटपणे गोळ्या घेतल्या. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "आय, तू मला घराघरांत का नेत होतीस? बायांना शहाणं करायला?"

"ता पन व्हता," ती म्हणाली. थोडा दम घेतला. "पन तुजा सूड पन व्हता. तू माज्या पोराची बायको. तुला मारता येत नव्हता, घरातनं काढता येत नव्हता. मंग बोलाला लावली. तू रडाचीस तवा मना बरं वाटाचं."

माझे हात थांबले. "अजून राग आहे?"

"हाय," ती म्हणाली. "पयल्यासारका नाय. पन हाय. माफ केली असा बोलले तं खोटं व्हईल. वेनी घाल."

मी वेणी पुरी केली. त्याच आठवड्यात ती गेली.

समाचाराला गावोगावच्या बाया आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींची मुलं आता शाळेत जाणारी होती. सगळ्या मला म्हणाल्या, "सुनेवर काय जीव होता मावशीचा. जाईल तिथं तुला बरोबर न्यायची." मी कुणाचंच बोलणं खोडून काढलं नाही. खरं काय ते तिनं मला सांगितलं होतं, माझ्याकडे पाठ करून, केस माझ्या हातात देऊन. माझ्या सख्ख्या आईनं मला माफ केलं असतं. आयने केलं नाही, आणि तिच्याइतकं जवळचं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.