तांब्यावरचं नाव

मावशीचे डोळे घारे आहेत. शाळेत मुली तिला ‘साहेबाची’ म्हणायच्या. लग्न ठरताना सासरच्या एका बाईंनी तेच पुन्हा उकरून काढलं. मावशीची आई दर वेळी एवढंच सांगायची की साहेबाने चर्चमध्ये रीतसर लग्न लावलं होतं. साहेब म्हणजे मावशीच्या पणजीचा बाप. इंग्लंडात त्याची मोठी जमीन होती आणि इकडे दक्षिणेत कॉफीचा मळा.

मी शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला आले, तेव्हा मावशीने मला त्या लग्नाचा कागद शोधायला सांगितला. तू इंग्लिश मीडियमची, ते जुनं हस्ताक्षर तुला लागेल, म्हणाली. मला नाही म्हणता येत नाही. लॅबमधून आल्यावर मी स्कॅन केलेले जुने कागद चाळत बसायचे. साहेब सापडत होता. त्याची शेतं, कुळांवर लावलेले दावे, इंग्लंडातल्या गावच्या चर्चमधलं त्याचं लग्न. ते मी मावशीला सांगितलं नाही. ती बायको वारली असेल आणि मग त्याने इकडे दुसरं लग्न केलं असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. पणजीचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

फेब्रुवारीत अर्ध्या तासावरच्या नोव्हाय गावी मावशीच्या घरी गेले, तर ती देवापुढचा पितळी तांब्या घासत होती. तो पणजीचा. काठाखाली नाव कोरलेलं होतं. मला मराठी अक्षरं सावकाश लावावी लागतात. लावली, तर नाव वेगळंच निघालं.

“हे कुणाचं?”

“तिचंच की. माहेरचं. आपण घेतो ते सासरी तांदळात लिहिलेलं.”

बापाच्या घरी तिला नसलेलंच नाव मी चार महिने शोधत होते. माझ्या आईचंही नाव लग्नात बदललेलं आहे, तरी सुचलं नव्हतं.

तिथेच लॅपटॉप उघडून ते नाव टाकलं. एकच नोंद आली, साहेबाच्या मृत्युपत्राची. मावशी हात पुसत मागे येऊन उभी राहिली, त्यामुळे लपवता आलं नाही. जमीन इंग्लंडातल्या पत्नीला. घोडा शेजारच्या मळेवाल्याला, घोड्याच्या नावासकट. सगळ्यात शेवटी पणजी, ‘माझ्या स्वयंपाकिणीची मुलगी’. तिला स्वयंपाकघरातली पितळी भांडी. स्वयंपाकिणीचं नाव दिलेलं नव्हतं.

मावशीने ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, लग्नाची सगळी रजिस्टरं अजून बघून झालेली नाहीत.

“राहू दे,” ती म्हणाली. “बायको जिवंत होती ना त्याची.”

तिने तांब्या कोरडा केला आणि ओट्याखालच्या कपाटात, कुकरच्या मागे ठेवला. संध्याकाळी देवापुढे स्टीलच्या पेल्यात पाणी होतं.

रविवारी मला सोडायला आली, तेव्हा गाडी चालू ठेवूनच म्हणाली, “तुझ्या आईला चर्चचंच सांग.”

मी तसंच सांगितलं.