आबा राजा झाले ती कोजागिरी

कोजागिरीच्या रात्री लिंबायतमधल्या आमच्या गच्चीवर जो गोंगाट होतो, त्याने हजीऱ्याच्या बंदराकडे निघालेली जहाजं वाट चुकतात. असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय, आणि हे खोटं ठरवायला आमच्या गल्लीतून अजून कोणी हजीऱ्यापर्यंत गेलेलं नाही. सुरतेची खरी मजा दुसऱ्या रात्री, चांदनी पडव्याला. त्या रात्री अख्खं शहर गच्च्यांवर बसून घारी नावाची मिठाई खातं. आम्ही खान्देशी लोक आदल्या रात्री आपलं दूध पितो आणि दुसऱ्या रात्री त्यांची घारीही खातो. लाज वाटायला हवी, पण घारीत तूप फार असतं.

कोजागिरीला आमच्याकडे एकच खेळ, त्याचं नाव ‘मुका राजा’. एकाने पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं आणि मनातली गोष्ट तोंडातून आवाज न काढता, नुसत्या हातांनी आणि ओठांनी सांगायची. बाकीच्यांनी ओळखायची. वेळ मोजायला घड्याळ नाही. शेगडीवर दूध ठेवलेलं असायचं; ते वर येईपर्यंत ओळखलं तर ठीक. वर आलं की आच बारीक करून दुधाला खाली बसवायचं आणि पुढच्याला उभं करायचं. शेवटच्या पाळीपर्यंत दूध इतकं आटायचं की ते प्यायचं का सुरीने कापायचं, यावर वाद व्हायचा.

ज्याची खूण कोणालाच ओळखता आली नाही, तो राजा. राजाने एक हुकूम द्यायचा आणि तो सगळ्यांनी पाळायचा. हुकूम मोडल्याचं आमच्या घरात उदाहरण नाही. एकदा माझी बहीण राजा झाली, तर तिच्या हुकमाने आमच्या दाजींना शेजारच्या बोकडापुढे हात जोडून वर्षभराच्या चुका कबूल कराव्या लागल्या. बोकडाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माफ मात्र केलं नाही.

शेगडी मायच्या ताब्यात. म्हणजे वेळही तिच्याच ताब्यात. नातवाची पाळी आली की आच मोठी, म्हणजे दूध झटकन वर येऊन पोरगं राजा होईल. माझी पाळी आली की आच इतकी बारीक की दूध पहाटेपर्यंत वर येऊ नये.

“माय, हाई काय शे? ज्योत दिसत बी नही!”

“तू राजा व्हयना तं आमले गाव सोडना पडी,” ती दुधावरची नजर न काढता म्हणायची.

आमचे वडील, आबा, मात्र कधीच राजा झाले नाहीत. कारण माय. दोघांची हयात कापडाच्या लूमच्या खात्यात गेली. आबा साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे, माय शेडच्या दुसऱ्या टोकाला बसून सुताच्या कांड्या भरायची. खात्यात साचे सुरू असले की माणसाच्या कानाशी तोफ डागली तरी त्याला डास गुणगुणला असं वाटावं. तिथली माणसं म्हणून ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, शेठ आला, भाजी खारट झालीय, तुझा भाऊ आलाय, सगळं हातांनी. माय-आबांचं लग्न झालं खान्देशात, पण संसाराच्या निम्म्या गप्पा त्या शेडमध्ये अशाच झाल्या, चार साच्यांच्या अंतरावरून. त्यामुळे आबा टाकीपाशी उभे राहिले, नुसते हात झटकून मोकळे केले, तरी माय दूध ढवळत सांगून टाकायची, “रेल्वेमा छत्री विसरनात ते.” आणि तेच असायचं.

“हाई बाईमुये मी जनमभर रयतच राहिनू,” आबा सगळ्यांना सांगायचे. तोंडावर मात्र राज्याभिषेक झाल्यासारखा आनंद.

पुढे शेठने जुने साचे भंगारात विकले. आबांच्या कानातले साचे काही विकले गेले नाहीत. “आते बी चालू शेतस,” ते कानावर हात ठेवून सांगतात. बाहेरचं काही ऐकू येत नाही, आत चोवीस तास पाळी.

गेल्या दिवाळीनंतर माय गेली. साधा ताप होता. याबद्दल मला मोठं करून सांगता येण्यासारखं काही नाही.

ती गेल्यावर कळलं की आमच्या घरात आबांशी बोलत होती ती एकटीच. आम्ही सगळे तिच्याशी बोलायचो आणि ती ते आबांच्या डोळ्यांपुढे ठेवायची. माझी पोरं आपसात गुजरातीच बोलतात; शाळेतून आली की आजोबांना, “दादा, शुं करो छो?” आबांना अहिराणी ओठ वाचता येतात, गुजराती ओठ येत नाहीत. माय मधे बसून पोरांचं गुजराती आपल्या ओठांवर अहिराणीत करून द्यायची, आवाजसुद्धा न काढता. आता आम्ही ओरडतो. ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो, मग तर काहीच वाचता येत नाही. आबा मान डोलावतात, हसतात आणि जेवण झालंय का विचारलं तर औषध घेतलं म्हणून सांगतात.

मग त्यांनी गावाला जायचं काढलं. दोंडाईच्याकडे आमचं गाव, तिथे चुलतभावाच्या घरात एक खोली आहे. पण खरं कारण खोली नव्हे. सुरतेत साच्यांवर आयुष्य काढून, कान गमावून परत गेलेले चार-पाच म्हातारे तिथे रोज संध्याकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर बसतात आणि हातांनी गप्पा मारतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माश्या हाकलताहेत. आबांना त्या ओट्यावर जागा हवी होती.

आम्ही नाही म्हणत राहिलो. स्वयंपाक कोण करील, गोळ्या कोण देईल, लोक काय म्हणतील. त्यांनी गणपतीतच पिशवी भरून खाटेखाली ठेवली होती. मी रोज तिच्यातून एक वस्तू काढून लपवायचो, कधी दाढीचं सामान, कधी स्वेटर. ते रोज ती शोधून परत भरायचे.

अशात कोजागिरी आली. खेळ नकोच, असं माझी बायको म्हणत होती. पण जवळच्या सचिन गावाहून बहीण आणि दाजी आले, पोरांनी गच्ची झाडली, आणि शेगडीपाशी, मायच्या जागी, बायको बसली. पहिल्या पाळ्या उगाच झाल्या. दाजींनी म्हैस केली, ती त्यांनी दरवर्षी केलेली आहे. पोरांनी त्यांच्या मोबाइलमधलं काहीतरी केलं. सगळे जरा जास्तच हसत होते.

मग आबा स्वतःहून उठले. टाकीपाशी गेले, हात झटकून मोकळे केले, आणि सवयीने शेगडीकडे पाहिलं. तिथे सून होती. मग त्यांनी खूण केली: आडवा पंजा हवेत सर्रकन ओढला, कानापाशी मूठ नेऊन उघडली, आणि ओठांपासून बोटं पुढे सोडली, जणू कोणाला दाणे टाकताहेत.

राजा झाले तर काय हुकूम देणार, हे मला कळलं होतं. मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, आच बारीक कर. तिने केली. आणि मग आम्ही तुटून पडलो.

“विमान!” दाजी ओरडले.

“कान दुखस?” बहीण.

“दादा, कबूतर! कबूतर ने!” पोरं.

मी तर पतंग, मच्छर, न्हावी, पोलीस, घटस्फोट, जे सुचेल ते ओरडलो. आबा प्रत्येकाच्या ओठांकडे नीट बघत आणि नाही म्हणत. दूध कडेने हलायला लागलं. आणि बायको, ढवळता ढवळता, ओरडून नव्हे, आपल्याशीच म्हणावं तशी म्हणाली, “साचा बंद पडनात. आते बोल.”

ती बोलताना आबा तिच्याकडेच बघत होते. त्यांचा हात हवेत थांबला.

आणि मला एकदम आठवलं. मी लहान होतो, खात्यावर डबा घेऊन गेलो होतो, आणि लाइट गेली. सगळे साचे एकदम थांबले. त्या शांततेत कानात नुसती शीळ वाजत होती. चार साच्यांपलीकडून आबांनी मायला हीच खूण केली होती. आणि माय बोलायला लागली होती, तोंडाने, आवाजात, घरचं, गावचं, काहीबाही, लाइट येईपर्यंत न थांबता. आबा साच्याला टेकून नुसते ऐकत होते.

इतक्या कोजागिऱ्या मायशेजारी बसलेल्या बायकोने बरोबर ओळखलं होतं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ठामपणे मान हलवली. नाही.

थाप मारण्याआधी माणूस किती थांबतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी ‘ओळखलं’ म्हणून तोंड उघडलं असतं तर खेळ तिथेच मोडला असता, पिशवी पुन्हा खाटेखाली गेली असती. पण आमच्या घरात राहून ते रोज ही खूण कोणाला करणार होते? आणि केली, तर मी काय बोललो असतो? ओरडलो असतो.

दूध वर आलं.

“राजा!” मी ओरडलो. हजीऱ्याची जहाजं त्या रात्री खरोखर थबकली असतील. “आबा राजा व्हयनात!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बहिणीच्या लक्षात आलं, तिचा चेहरा उतरला. आबांनी टाकीला हात टेकला आणि बहिरी माणसं बोलतात तसं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “मना हुकूम शे. माले गावले जाऊ द्या.”

“असा हुकूम नसतो,” बहीण रडत म्हणाली. “दाद्या, तू काहीतरी बोल ना!”

“हुकूम म्हणजे हुकूम,” मी म्हटलं. “दाजींनी बोकडापुढे हात जोडले होते.”

दूध सगळ्यांनी प्यायलं. कोणी कापायचा विषय काढला नाही.

चांदनी पडव्याची घारी डब्यात बांधून दिली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना उधन्याला गाडीत बसवलं. दाढीचं सामान मीच पिशवीत ठेवलं होतं. फलाटावर चहावाले, हमाल, भोंगा, सगळं एकाच वेळी ओरडत होतं. आबा खिडकीशी बसले, माझ्याकडे बघितलं, आणि पंजा सर्रकन हवेत ओढला, कानापाशी मूठ उघडली, ओठांपासून बोटं माझ्याकडे सोडली.

आयुष्यभर माझं तोंड बंद करायला लोकांना दारं लावून घ्यावी लागली. आता मीच खिडकीच्या गजाशी गेलो आणि, आवाज न काढता, मायसारखे ओठ हळू हलवून म्हटलं, “आबा, तुम्ही खोटं बोलनात.”

त्यांनी एका फटक्यात वाचलं. गाडी हलली. ते हसत होते, उपरण्याने डोळे पुसत होते, आणि अख्खा डबा वळून बघेल अशा आवाजात ओरडले,

“तुना बाप शे मी!”