घरच्या फळीसारखं

आमचे भावोजी सुतार. नाकासमोर चालणारा माणूस. पण नाकसुद्धा आधी ओळंबा लावून तपासतील. कुणाकडे गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत.

अशा माणसाला डोंगरातल्या वन-उद्यानात पर्यटकांसाठी सहा लाकडी खोल्या बांधायचं काम मिळालं. दगडी जोती मी रचत होतो. उद्यानाच्या साहेबांची अट एकच होती: खोल्या जंगलातच उगवल्यासारख्या ओबडधोबड दिसायला हव्यात. पहिली पसंत पडली तर पुढच्या पाच.

भावोजींनी पहिली खोली अशी बांधली की बँकेने दुसऱ्या दिवशी शाखा उघडावी. ओंडके रंधा मारून गुळगुळीत, ओसरीचे खांब सुतात. साहेब म्हणाले, फार सुरेख आहे, म्हणूनच चालणार नाही. आठवड्यात ओसरी बदला, नाहीतर दुसरा सुतार बघतो. तीस वर्षांत भावोजींचं काम कुणी परत केलं नव्हतं. ते दोन दिवस धड जेवले नाहीत. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चार वाकडे खांब उभे केले. चारही एकाच बाजूला, एकाच मापाने कललेले, कवायतीला उभे असल्यासारखे. मोजून वाकडे केलेत का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "मग न मोजता करू?"

दुपारी ताई डबा घेऊन वर आली. खांब पाहून ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली, "घरच्या फळीसारखं करा की."

ती फळी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरात लावलेली. ताईने धरली, भावोजींनी ठोकली. पण पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघायचं सोडून ते ताईकडेच बघत राहिले. फळी बोटभर तिरकी बसली. अजूनही डबे एका टोकाला घरंगळतात. भावोजी दरवर्षी ती काढायला निघतात आणि ताई काढू देत नाही.

"तशी पुन्हा नाही जमायची," भावोजी म्हणाले.

ताईने पाणसळ उचलून पिशवीत टाकली आणि समोरच्या दगडावर जाऊन बसली. भावोजी लाजले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मेहुण्यादेखत लाजू नये, पण लाजले.

दोन दिवसांत ओसरी उभी राहिली. एक खांब इकडे, एक तिकडे, अंगावर साल तशीच, कठडा मनाला येईल तसा. साहेबांनी त्यावर हात फिरवला आणि हे कुठे शिकलात म्हणून विचारलं. भावोजी म्हणाले, घरी. पाच खोल्या पदरात पडल्या.

संध्याकाळी मी ताईकडे चहाला गेलो, तर भावोजी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून फळीला पाणसळ लावत होते. ताईने खालून दम दिला, "हात लावलात तर बघा."

"काढत नाहीये गं," कानावरची पेन्सिल हातात घेत ते म्हणाले. "किती तिरकी आहे ते लिहून घेतो. अजून पाच खोल्या आहेत, तू रोज कुठे दगडावर येऊन बसणार?"

ताईने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"बसेन," ती म्हणाली.